गरवणाऱ्यांची वही

२०१३ च्या जुलैमध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या केनेट नदीत, मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला, पाण्यातले किडे नाहीसे झाले. पाणी नितळ होतं. वास नव्हता, फेस नव्हता, मासे उलटे होऊन तरंगत नव्हते. काठावरून फिरायला जाणाऱ्याला काहीच वावगं दिसलं नसतं. तरीही नदीत विष उतरल्याचं कळलं, आणि ते आधी कळलं हौसेने मासे धरणाऱ्या मंडळींना. नेहमीच्या मोजणीसाठी ते गुडघाभर पाण्यात उतरले होते. एरवी जाळीत वळवळणारे बारीक झिंग्यासारखे जीव आणि माश्यांच्या अळ्या यांतलं जिवंत असं जवळजवळ काही आलंच नाही. त्यांनी पर्यावरण खात्याला कळवलं. तपासात क्लोरपायरीफॉस निघालं, म्हणजे कपाशीपासून घरातल्या वाळवीपर्यंत आपल्याकडे ज्याची फवारणी होते तेच कीटकनाशक. माग सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत लागला. कोणीतरी अगदी थोडंसं औषध मोरीत ओतलं असावं, असा अंदाज निघाला. तेवढ्याने सुमारे १५ किलोमीटर नदीचा तळ ओसाड झाला होता.

मासे धरणाऱ्यांना किड्यांची एवढी पडलेली का असते, हे समजायला त्यांचा खेळ समजून घ्यावा लागतो. कोकणात गळाने मासे पकडण्याला गरवणं म्हणतात. आपला गरवणारा गरीला गांडूळ, कोलंबी नाहीतर कणकेची गोळी लावतो. केनेटवरच्या मंडळींच्या फ्लाय फिशिंगमध्ये यातलं काहीच नसतं. बारीक गरीवर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. माशीने मासा धरायचा. ही माशी इतकी हलकी की दगडासारखी भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं आणि लवचीक काठी मागेपुढे झुलवून ती दोरी हवेत उलगडत न्यायची असते. बघणाऱ्याचे डोळे त्या झोकावर खिळतात, पण खरं कसब त्याच्या आधीचं आहे. ट्राउट हा मासा चोखंदळ. त्या तासाला पाण्यावर जो किडा उमलतोय, त्याच्याशी मिळतीजुळती माशी असेल तरच तो तोंड उघडतो. मेफ्लायसारखा किडा महिनोन् महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, अळीच्या रूपात तळाशी काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम एक-दोन दिवस जगतो. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर हे पंख फुटतात, हे ज्याला ठाऊक नाही तो रिकाम्या हाताने घरी जातो. या छंदात मुरलेला माणूस म्हणूनच हळूहळू हौशी कीटकशास्त्रज्ञ होतो.

इंग्लंड-अमेरिकेत अशा लोकांची प्रांतोप्रांती मंडळं आहेत. त्यांचं वर्षही आपल्या गावच्या मंडळासारखंच ठरलेलं असतं. थंडीत मासेमारी मंदावते, तेव्हा टेबलाभोवती बसून माश्या बांधण्याच्या संध्याकाळी. वसंतात नवशिक्यांना काठी झुलवायला शिकवण्याचे वर्ग. मधूनच नदीतला कचरा काढण्याचा रविवार. आणि वर्षातून एकदा जेवणावळ, जिच्यात जुन्या काठ्यांचा लिलाव करून पैसे जमवायचे. गप्पांत अतिशयोक्ती भरपूर, सुटलेला मासा नेहमी हाताएवढाच. अशा मेळाव्यांचं समर्थन करताना सहसा पैशाकडे बोट दाखवलं जातं, आणि ते खोटं नाही. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या काठ्या-चरख्यांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळवला. इंग्लंडमध्ये गळ टाकणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि त्याचं शुल्क नदीच्या कामी येतं. दुसरं समर्थन असं, की ही मंडळी धरलेला मासा सोडून देतात. माझ्या मते ही दोन्ही समर्थनं दुय्यम आहेत. पैसा सरकारलाही उभा करता येतो, आणि मासा सोडणं म्हणजे स्वतःच केलेली इजा अर्धीमुर्धी भरून काढणं. या मेळाव्यांतून निघणारी, दुसरं कोणी सहजासहजी देऊ न शकणारी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे एकाच जागी, वर्षानुवर्षं, त्याच पद्धतीने भरलेली वही.

केनेटवरची मोजणी अशाच वहीसाठी होती. ब्रिटनमध्ये २००७ पासून गळ टाकणाऱ्यांच्या मंडळांनी चालवलेली ही देशव्यापी पद्धत मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. एका दिवसाचं शिक्षण, मग दर महिन्याला ठरलेल्या जागी पाण्यात उतरून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, उठलेला गाळ जाळीत घ्यायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा आणि किड्यांचे आठ गट मोजायचे. प्रत्येक जागेसाठी एक किमान आकडा ठरलेला असतो. मोजणी त्याखाली गेली की पुन्हा मोजायची, आणि तरीही तेच आलं तर खात्याला फोन करायचा. पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला तर त्या क्षणाचं पाणी कळतं. विष रात्री वाहून गेलं असेल तर सकाळची बाटली स्वच्छ. किडा मात्र महिनाभर तिथेच राहिलेला असतो. तो नसणं हाच पुरावा. आणि तो ‘नाही’ असं म्हणायला आधी तो ‘होता’ हे कोणीतरी लिहिलेलं असावं लागतं. सरकारी माणूस प्रत्येक नदीच्या प्रत्येक वळणावर दर महिन्याला जाऊ शकत नाही. ज्याला तिथे जायचीच हौस आहे तो जातो.

मात्र हौशी लोकांच्या प्रेमाला एक खोड असते. त्यांना मासा हवा असतो, आणि मासा कमी झाला की पहिला विचार मनात येतो तो बाहेरून आणून सोडण्याचा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ग्रेलिंग नावाचं गाव आहे. त्याला एका माशाचं नाव मिळालं. तो मासा तिथल्या ओ सेबल नदीत आता नाही. लाकूडतोडीच्या काळात ओंडके नदीतून खाली सोडत, त्यांनी अंडी घालायची खडी खरवडून निघाली. त्यात बेसुमार मासेमारी आणि बाहेरून आणलेल्या ट्राउटची स्पर्धा. १९३० च्या दशकापर्यंत ग्रेलिंग राज्यातूनच संपला. त्याच नदीकाठच्या एका घरात १९५९ मध्ये काही गळ टाकणारे जमले आणि ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. तिचा पहिला झगडा मात्र कारखानदारांशी नव्हता. सरकार उबवणी केंद्रात वाढवलेले मोठे ट्राउट नदीत ओतत असे आणि लोक ते लगोलग पकडून नेत, या प्रथेशी तो होता. नदी सुधारा, मासे आपोआप वाढतील, असं या मंडळींचं म्हणणं. (ज्या तपकिरी ट्राउटसाठी ही सगळी धडपड, तो १८८० च्या दशकात जर्मनीहून आणलेला पाहुणा, हेही नमूद केलेलं बरं. संवर्धनवाद्यांच्या घरातही असे कोनाडे असतात.)

म्हणणं पटायला आकडे लागतात. ते माँटाना राज्यातल्या मॅडिसन नदीवर मिळाले. तिथल्या डिक व्हिन्सेंट या सरकारी जीवशास्त्रज्ञाने विजेच्या सौम्य झटक्याने मासे क्षणभर बधिर करून मोजण्याची पद्धत वापरून एक साधा प्रयोग केला. नदीच्या एका टप्प्यात वर्षानुवर्षं मासे सोडले जात, तिथे सोडणं थांबवलं. शेजारच्या ओढ्यात मासे सोडले जात नव्हते, तिथे सुरू केलं. पहिल्या ठिकाणी रानटी ट्राउट दुपटीहून अधिक झाले. दुसऱ्या ठिकाणी ते जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे माशांची संख्या वाढावी म्हणून जे टाकलं जात होतं, तेच संख्या घटवत होतं. टाक्यात वाढलेला मासा नदीत फार दिवस टिकत नाही, पण तेवढ्या दिवसांत तो रानटी माशाला त्याच्या जागेवरून हुसकतो. १९७४ मध्ये माँटानाने रानटी ट्राउट टिकून असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. त्याला गळ टाकणाऱ्यांतूनही विरोध झाला होता. आज त्याच नद्यांवर जगभरून माणसं येतात ती रानटी माशांसाठी.

हा सगळा परदेशातला मामला वाटत असेल तर आता कावेरीवर यायला हवं, कारण या गोष्टीतलं सगळ्यात बोचरं प्रकरण तिथलं आहे आणि त्याचा एक धागा थेट लोणावळ्याला पोचतो. महसीर हा आपल्याकडचा नदीतला वाघ. कावेरीच्या खोऱ्यातला महसीर तर अवाढव्य. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेल्या एकाचं वजन १२० पौंड, म्हणजे ५४ किलो भरलं होतं. पाठीवर उंचवटा, सोनेरी अंग आणि केशरी पर ही त्या माशाची ओळख. सत्तरच्या दशकात बंगळूरच्या वन्यजीवप्रेमी गळकऱ्यांनी नदीचा एक पट्टा राखायला घेतला, पुढे भीमेश्वरी, गाळीबोरे इथे तळ उभे राहिले. देशोदेशीचे लोक येत, मासा धरत, वजन करत, सोडून देत. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांतलेच काही जण तिथे वाटाडे झाले. नदीवर पहारा राहिला. हे सगळं चांगलंच झालं. याच काळात आणखी एक चांगली गोष्ट करायची ठरली. लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महसीरची उबवणी यशस्वी केली होती. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांच्या देखरेखीखाली इथे निळ्या परांच्या महसीरची, म्हणजे दख्खनी महसीरची, लाखो पिल्लं वाढवली गेली. महसीर नामशेष होईल अशी भीती असताना हे काम उभं राहिलं, हे विसरता कामा नये. ती पिल्लं ठिकठिकाणी पाठवली गेली. त्यांतली कावेरीतही आली.

गाळीबोरेच्या तळावर वही होती. १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तास गळ टाकून ६,१६१ महसीर धरले आणि सोडले गेल्याची नोंद तिच्यात आहे. सगळ्यात लहान एक किलोचा, सगळ्यात मोठा ४६ किलोचा. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या अभ्यासकांनी ती वही बारकाईने वाचली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. वरवर पाहता बातमी आनंदाची होती. दर तासाला लागणारे मासे वर्षागणिक वाढत होते, सरासरी वजन घटत होतं, म्हणजे नदीत पिल्लं भरपूर होत होती. पण तळावरच्या लोकांनी नुसतं ‘महसीर’ लिहून भागवलं नव्हतं. सोनेरी कुबडाचा की निळ्या परांचा, हेही टिपलं होतं. दोन रकाने वेगळे केले आणि चित्र उलटं झालं. वाढत होता तो निळ्या परांचा पाहुणा. कुबडाचा मासा नोंदींतून ओसरत ओसरत जवळपास नाहीसा झाला होता. इतक्या प्रसिद्ध माशाचं शास्त्रीय नावसुद्धा तोवर पक्कं ठरलं नव्हतं. ते ठरलं २०१८ मध्ये, मोयार नदीतल्या माशांच्या आधारे: तोर रेमादेवी. त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्याच्या ऱ्हासात हात आहेच; सगळं खापर लोणावळ्याच्या पिल्लांवर फोडणं अन्यायाचं होईल. पण नदीच्या भल्यासाठी केलेल्या कामाने नदीतलाच मासा मागे पडला, ही गोष्ट झाकता येत नाही. ती उघड झाली तीही त्याच हौशी लोकांनी लिहून ठेवलं म्हणून.

२०१२ च्या सुमाराला वन्यजीव कायद्याखाली अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, असा अर्थ लावून कावेरीवरचे तळ बंद झाले. कायद्याच्या अक्षरावर वाद घालता येणार नाही. कायद्याने शिकारीत पकडण्याचाही समावेश केला आहे. पण गळ थांबला त्या दिवशी वहीही थांबली. पंधरा वर्षांची सलग नोंद तिचा अर्थ लागण्याआधीच तुटली.

या सगळ्यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की हा खेळच मुळात क्रूर आहे. खायचं असेल तर मासा पकडा, पण मजेसाठी त्याच्या तोंडात आकडा रुतवायचा आणि मग भूतदया दाखवत सोडायचं, हे ढोंग नाही का? आक्षेप पोकळ नाही. ट्राउटच्या ओठांत वेदना टिपणारे मज्जातंतू असतात, हे लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. माशाला ती वेदना ‘जाणवते’ का यावर शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे, पण भांडण आहे म्हणून शंकेचा फायदा आपणच घ्यायचा हे काही खरं नाही. स्वित्झर्लंडने तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला बंदी घातली आहे. याला गळकऱ्यांचं नेहमीचं उत्तर असतं, की आम्ही काटा नसलेली गरी वापरतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही. ही काळजी चांगलीच. माँटानात उन्हाळ्यात पाणी तापलं की दुपारी दोननंतर गळ टाकायला बंदी असते, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. तरी हे उत्तर अपुरं आहे, आणि मला वाटतं ते अपुरं असल्याचं मान्य करावं. माझा मुद्दा गळाच्या बचावाचा नाही. केनेटवर विष सापडलं त्या दिवशी एकही मासा गळाला लावावा लागला नव्हता. जाळी, ट्रे आणि घड्याळ पुरलं होतं. गळाने त्या लोकांना वर्षानुवर्षं त्या पाण्याशी बांधून ठेवलं, एवढंच. उद्या गळाशिवाय तेवढीच ओढ लावणारं काही सापडलं, तर गळाची गरज संपेल. अजून तसं काही सापडलेलं दिसत नाही, आणि नुसत्या कर्तव्यबुद्धीने दर महिन्याला गारठ्यात पाण्यात उतरणारे थोडेच.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. नदीतला मासा वाचवायला साहेबी छंद कशाला? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे आहे. तिथल्या डोहांतले महसीर देवाचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या कोणी मारलेले नाहीत. ना परवाना, ना लिलाव, ना काठी. ही व्यवस्था जुनी आहे आणि तिने केलेलं रक्षण खरं आहे. पण देवाची आण डोहापुरती असते. पहिल्या पावसात तोच मासा अंडी घालायला वर निघाला की तो चढणीचा मासा होतो, आणि चढणीच्या माशांवर तुटून पडणं हा आपला वार्षिक उत्सव आहे. पोटात गाबोळी असलेला मासा तर अधिकच चवीचा. वर बंधारा असेल तर त्याची वाट तिथेच संपते. वरच्या गावातून औषध वाहत आलं तर डोहाच्या काठावरची श्रद्धा त्याला अडवू शकत नाही. मासे तरंगले की बातमी होते. त्याआधी किडे संपलेले असतात, ते कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून देवाचा डोह आणि गरवणाऱ्याची वही यांत एकाची निवड करण्याचं कारण नाही. उलट वही ठेवायला याहून चांगली जागा नाही, कारण तिथे माणसं रोज असतात आणि त्या पाण्याबद्दल त्यांना आधीच आस्था असते.

तिसरा आक्षेप घाईने हातावेगळा करण्यासारखा आहे: हौशी लोकांचे आकडे शास्त्राला काय कामाचे? सोपी पद्धत आणि तीच जागा असेल तर कामाचे असतात, हे गाळीबोरेच्या वहीने दाखवलं आहेच. गोम इतकीच, की काय लिहायचं हे आधी जाणकारांनी ठरवून द्यावं लागतं. तिथे माशाचा रंग लिहिलाच नसता, तर ६,१६१ मासे म्हणजे निव्वळ यशोगाथा ठरली असती.

सह्याद्रीतल्या नद्यांचं मासेज्ञान जुनं आहे. कर्नल सायक्स याने १८३९ मध्ये दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि दख्खनच्या माशांना नावं देताना त्याने इथल्याच बोलीतले शब्द उचलले. ते शब्द त्याला भोयांनी, कोळ्यांनी सांगितले असणार. आज अशी मोजणी इथे सुरू करायची तर इंग्लंडमधले आठ गट उसने आणून चालणार नाहीत. आपल्या नदीचा तळ दर पावसाळ्यात खरवडून निघतो आणि उन्हाळ्यात तिची डबकी होतात. दसऱ्यानंतर पाणी निवळलं की सुरुवात करून शिमग्यापर्यंत, दर महिन्याला त्याच दगडांपाशी उतरावं लागेल. कोणते किडे मोजायचे हे कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सांगावं, कुठे उतरायचं हे त्या काठावर गरवणाऱ्यांनी. किती सापडले म्हणजे नदी ठीक, हा आकडा ठरायलाच तीन-चार वर्षं जातील. तोवर वहीच्या पानांवर तारखा असतील आणि अर्थ न लागलेले आकडे.